हुरड्यासाठी राखलेला गुंठा

पौषातला कोरडा वारा सुटला आणि चिंचवडच्या आमच्या आळीत कुणाच्या परसात गोवऱ्यांचा धूर उठला, की आमच्या घरात एक वाक्य हमखास बोललं जातं. कुणी ताटलीत हुरडा घेऊन आलं तर आमची मंडळी उंबऱ्यातूनच सांगते, "ह्यांना नको हो, ह्यांना हुरडा बाधतो." मुलांना याची भारी गंमत वाटते. शेतकी खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला ज्वारीच बाधावी! शिवाय हाच माणूस त्याच ज्वारीच्या तीन भाकरी पिठल्याबरोबर बिनबोभाट रिचवतो, हेही ती मोजत असतात. मोजण्याचा गुण त्यांनी माझ्याकडूनच घेतला. पोटावरून हात फिरवतो आणि बाधल्यासारखा चेहरा करतो. चार वर्षांच्या सरावानं तो चेहरा आता चांगला जमतो.

परवा शेजारचे गृहस्थ आले. मूळचे कोकणातले. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना झाला, तिथं तपासणीच्या कामाला लागले आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा हुरडा खाल्ल्याच्या आनंदात ते ओंजळभर दाणे फडक्यात बांधून माझ्यासाठी घेऊन आले. फडकं अजून कोमट होतं. हिरवे, मऊ, किंचित करपलेले दाणे. तो वास नाकात गेला आणि मी पोटावर हात फिरवायचं विसरून गेलो.

हुरड्याचा वास म्हणजे माझ्या लेखी अक्काच्या हातांचा वास. आगटीतल्या विस्तवात कणसं खुपसायची, पोळेपर्यंत धीर धरायचा, आणि मग भाजलेलं कणीस दोन्ही तळहातांत धरून चोळायचं. इतरांचे हात भाजत. ते कणीस या हातातून त्या हातात झेलत नाचत. अक्का मात्र गप्पा मारता मारता चोळायची, फुंकर घालून कोंडा उडवायची आणि दाणे थेट माझ्या ओंजळीत. तिच्या तळव्यांना चटके बसतच नाहीत, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. मीच तसं समजत होतो, ती काही म्हणाली नव्हती.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं मूळ घर आकुर्डीला. परसातल्या वेलाला श्रावणात काकड्या लागत. काकडी कडू निघणार की गोड, हे वरून कळत नाही. अक्का देठाकडचा तुकडा कापून आधी स्वतः चावायची. कडू लागला की तोंड वाकडं करायची आणि ती काकडी म्हशीपुढं. गोड लागला की राहिलेली सगळी काकडी माझी. असं करता करता तिच्या वाट्याला सगळ्या काकड्यांचे देठ आले. पुढं पुण्याला खात्याच्या वर्गात साहेबांनी "नमुना म्हणजे काय?" असा प्रश्न फळ्यावर लिहिला, तेव्हा माझ्या तोंडाला काकडीची चव आली आणि मी एकटाच हसलो. साहेबांना वाटलं, मला विषय कळला.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. तोवर पिकाचा अंदाज आम्ही डोळ्यांनी करत असू. म्हणजे मी गाडीवाटेनं सायकलवरून जायचो. वाटेलगतचं, सावलीजवळचं आणि शक्यतो जिथून चहा येईल असं शेत बघायचो आणि म्हणायचो, "सोळा आण्यांत सहा आणे पीक आहे." आता वर्गात कळलं की हे पाप आहे. हाताशी आलं ते उचलणं हा नमुना नव्हे, आळस आहे. जाणत्या माणसानं 'हे बघा, हे आमचं सर्वसाधारण शेत' म्हणून दाखवलेलं घेणं हाही नमुना नव्हे, ते त्या जाणत्या माणसाचं मन आहे. मग खरा नमुना कुठला? साहेबांनी सांगितलं, प्रत्येकाला सारखी संधी हवी. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या घाला आणि न बघता उचला. किंवा क्रमानं दर दहावं घ्या, पण पहिलं कुठलं ते चिठ्ठीनं ठरवा. रान एकसारखं नसेल तर आधी काळी आणि मुरमाड जमीन वेगळी करा आणि दोन्हींतून वेगळ्या चिठ्ठ्या काढा. गावं फार असतील तर थोडी गावं चिठ्ठीनं निवडा, मग त्या गावातली शेतं, मग त्या शेतातला एक गुंठा. आणि चिठ्ठ्यांचा पसारा नको म्हणून आम्हांला एक पुस्तक दिलं. पानंच्या पानं नुसते आकडे. कशाचेच नसलेले आकडे. मी ते छातीशी धरून खोलीवर आलो. पोथी आणल्यासारखा.

हे शिक्षण नेमकं पौषात होतं. चाकणहून कांद्याच्या गाड्या पुण्याला येत, त्यांतल्या एका गाडीवाल्याबरोबर महाळुंग्याहून, म्हणजे अक्काच्या सासरहून, तिचा निरोप आला: हुरडा राखलाय, ये. मी उलट निरोप दिला, पुढल्या आठवड्यात येतो. पुढल्या आठवड्यात तोच गाडीवाला, तोच निरोप, माझं तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला त्यानं मला बघितल्याबरोबर स्वतःच म्हटलं, "सांगतो, पुढल्या हप्त्याला." एरवी एक पौष मी चुकवला नव्हता. त्या वर्षी मला वाटलं, हुरडा काय, दरवर्षीचाच आहे.

माघ सरता सरता तालुक्यातली गावं निवडली गेली. त्यांत महाळुंगे निघालं. गावातले सर्व्हे नंबर निवडले, त्यांत दाजींचा, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचा नंबर निघाला. कारकुनाची बहीण कुठल्या गावात दिली आहे, हे आकड्यांचं पुस्तक विचारत नाही. मी साहेबांना सांगून दुसऱ्याला पाठवायला लावू शकलो असतो. सांगितलं नाही. उलट मनातून फुशारलो. दाजी मला लग्नापासून 'कागदी शेतकरी' म्हणत. म्हटलं, आता बघाच.

ते साल वाईट होतं. परतीचा पाऊस आलाच नाही. ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी, कणसं बोटाएवढी. धान्याचं एक वेळ कसंही झालं असतं, पण कडबा नव्हता. जनावरांपुढं टाकायला काही नाही म्हणून गावातले लोक छपरावरचं गवत उपसत होते. टंचाईच्या गावांची यादी व्हायची होती. यादीत नाव आलं की गावाला वैरणीचा डेपो मिळणार होता.

मी चावडीवर बसून सगळ्यांना नमुना समजावून सांगितला. तात्या म्हणून गावातले वयोवृद्ध होते, तोंडाचे फटकळ, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे आंदळ्यानं बोट ठिवायचं, आन् जितं पडंल ते खरं मानायचं?"

"तात्या, डोळस माणूस आपल्या मनासारखं निवडतो. आंधळं बोट कुणाची बाजू घेत नाही."

"आन् ते बोट खडकावर पडलं तर?"

"तर खडक. दुसरीकडं कुठं चांगल्यावर पडेल. हजार ठिकाणची सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात."

"हजार ठिकानं हायेत सरकारला," तात्या म्हणाले, "आमास्नी येकच गाव हाय, राव."

लोक हसले. मग कुणीतरी विचारलं, वैरणीचा डेपो ह्याच्यावरच ठरणार का? खरं उत्तर होतं, मला माहीत नाही. यादी करणारी कचेरीच वेगळी, त्यांची रीत वेगळी. पण इतकी माणसं माझ्याकडं बघत होती, आणि दाजी बघत होते. मी टोपी नीट केली आणि म्हणालो, "माझा आकडा थेट वरपर्यंत जातो."

हे वाक्य मी आजवर घरी कुणाला सांगितलेलं नाही.

शेतावर आम्ही नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून पावलं मोजली. पुस्तकाचं ठरवून दिलेलं पान उघडलं. लांबीकडून सत्तेचाळीस, रुंदीकडून बारा. सत्तेचाळीस पावलं चालेपर्यंत दोन्ही बाजूंना ती वाळकी, बुटकी ताटं. बाराव्या पावलाला थांबलो आणि मान वर केली, तर समोर छातीएवढी ज्वारी. विहिरीच्या अंगाला एवढाच तुकडा, आणि कणसं भरलेली, मोत्यासारखी. मला हसूच आलं.

"अक्का, इथंच कसं बरं एवढं पीक?"

अक्का बांधावर उभी होती. उत्तर दाजींनी दिलं.

"तुज्या हुरड्याचा तुकडा हाय त्यो. पान्याचा टिपूस न्हवता, तर हिनं दोन महिनं घागरी वाहिल्या. मी म्हनलं, प्यायला ऱ्हाऊ दे. तर म्हनं, दत्ता पौषात येतोय. पोरांना कनसाला हात लावू दिला न्हाई. तू आलाच न्हाईस. मग ते उभं ऱ्हायलं."

मी हातात खुंटी धरून उभा होतो.

"दत्तोबा," दाजी जवळ आले. दाजी माझ्याशी कधी असं हळू आवाजात बोलले नव्हते. "त्यो काय पिकाचा तुकडा न्हाई. त्यो हिचा खुळेपना हाय. धा पावलं अलीकडं ठोक खुंटी."

"दाजी, आकडा बदलता येत नाही."

"हितं कोन बगतंय?"

"कुणी बघत नसताना बदलू नये म्हणूनच तर आकडा आहे."

केवढं शहाण्यासारखं बोललो मी! वर्गातली मंडळी असती तर टाळ्या पडल्या असत्या. दहा पावलं होती हो. सायकल टेकवायला आपण तेवढं चालतो. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की बहिणीच्या शेतात खुंटी हलवली तर लोक नावं ठेवतील. तेही खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं. मला माझ्या खरेपणाची चव लागली होती, आणि ती गोड होती.

दाजी आणखी काही म्हणणार, तेवढ्यात अक्का बांधावरून उतरून आली.

"कापू द्या त्याला," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच राखलं व्हतं. त्योच कापतोय."

चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, बरोबर एक गुंठा. अक्काचा तुकडा आणि माझी दोरी जवळजवळ एकावर एक बसले. कणसं कापली, बडवली. अक्कानं सुपानं उफणून दिलं. वारा चांगला होता, कोंडा माझ्या अंगावर येत होता. दाणे ताजव्यात घातले. सव्वीस पौंड. त्या हंगामात मी बाकी शेतांत मोजलं ते चार, पाच, फार तर सहा पौंड. कागदावर सव्वीस लिहिले. अक्षर छान आलं.

मग त्यातले दोन पौंड वेगळे काढून जाड कापडाच्या पिशवीत भरले, वर गाव, सर्व्हे नंबर आणि दाजींचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधली. बाकीचं धान्य अक्काच्या सुपात परत.

"हे कशाला रं नेतोस?" अक्कानं विचारलं.

"शेतातल्या दाण्यात ओल असते. हे कचेरीत वाळवून पुन्हा तोलायचं. वाळल्यावर किती कमी भरतं ते बघून मग खरं वजन ठरतं."

"म्हंजी आत्ताचं खरं न्हाई?"

"आत्ताचं ओलं. खरं वाळल्यावर."

"वाळलं की सांग मला," ती म्हणाली, आणि जेवायला वाढते म्हणून पुढं निघाली. मी जेवलो. चांगला जेवलो.

यादी आली तेव्हा शेजारचं गाव तीत होतं, महाळुंगे नव्हतं. का नव्हतं, ते मी पुढं चार कचेऱ्यांत विचारलं. एकानं सांगितलं, तुमच्या कापणीच्या आकड्याचा आणि यादीचा काही संबंध नाही. दुसऱ्यानं सांगितलं, असेलही. मला आजही माहीत नाही. पण गावाला माहीत होतं. मीच तर चावडीवर टोपी नीट करून सांगितलं होतं. पाणवठ्यावर बायका अक्काला ऐकवू लागल्या, हिच्या भावानं हुरडा खाल्ला आन् गावाची वैरण गेली. अक्का घागर भरायची आणि परत यायची. मी खाल्ला नव्हता, म्हणून तर गेली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पौषात येऊन मी ती कणसं ओरबाडून खाल्ली असती, तर त्या गुंठ्यात दोन पौंडही भरले नसते.

चैत्रात दाजींनी बैल विकले. हरण्या आणि त्याचा जोडीदार. चाकणच्या बाजारात त्या दिवशी माणसांपेक्षा बैल जास्त होते. हरण्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. गिऱ्हाईकानं त्याचे दात पाहिले, वशिंडावर थाप मारली आणि दोर हातात घेतला. हे मला गाडीवाल्यानं सांगितलं. तो आता निरोप आणत नव्हता, नुसत्या बातम्या आणत होता. "तुमच्या अक्का दारात उभ्या व्हत्या," तो म्हणाला, "बैल वळनावरनं दिसंनासे झाल्यावर बी उभ्याच."

मी साहेबांपुढं जाऊन बसलो, सगळं सांगितलं. साहेब चांगले होते. त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "तुम्ही केलंत ते पद्धतीला धरून केलंत. कुठंतरी असाच एखादा आकडा उकिरड्यावर पडला असेल. एकूण बेरजेत फरक पडत नाही." मी मान हलवली. एकूण बेरजेत खरंच फरक पडला नाही.

परवा शेजाऱ्यांना मी सहज विचारलं, कारखान्यात तुम्ही तपासता म्हणजे नेमकं काय करता? ते म्हणाले, "एका वेळी बनलेल्या प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या उचलायच्या, न बघता. त्या फोडून आतलं औषध तपासायचं. सगळ्या फोडून कशा चालतील?"

"आणि फोडलेल्या बाटल्यांचं?"

"त्या गेल्या. चांगल्या निघाल्या तरी गेल्या. त्यांच्यामुळं बाकीच्या चांगल्या ठरतात, एवढंच." आणि मग माझ्याकडं बघून, "तुम्ही खात नाही का? निवतोय हुरडा."

पुढच्या पौषात अक्काचा निरोप आला नाही. मी वाट पाहिली, मग रुसलोही. रुसायचा हक्क असल्यासारखा! त्याच्या पुढच्या पौषातही नाही. भाऊबीजेला मी जायचो. ती ओवाळायची, विचारपूस करायची, दाजी रानात गेलेले असायचे. पाटावर बसून मी शब्द जुळवायचो, तोवर निरांजन विझायला यायचं. मी पिशवीबद्दल बोललो नाही. तीही बोलली नाही.

तिला ताप भरला तेव्हा उन्हाळा लागला होता. मी सायकल हाणत मोशीवरून, इंद्रायणी ओलांडून गेलो. ती खाटेवर पडली होती, एवढीशी झाली होती. मी हात हातात घेतला. उलटा करून पाहिला. तळव्यावर बारीक बारीक जुने डाग होते, भाजल्याचे. पन्नाशी गाठलेल्या माणसाला ते त्या दिवशी दिसले.

तिनं डोळे उघडले. म्हणाली, "दत्ता, तुज्या त्या पिशवीतलं दानं वाळलं का रं?"

"वाळलं, अक्का."

"किती भरलं?"

मला आकडा आठवेना. हजार आकडे पाठ असलेल्या माणसाला तो एक आठवेना. मी म्हणालो, "आणून दाखवतो. उद्या आणतो."

ती हसली. "पुढल्या हप्त्याला आन," म्हणाली.

ती पिशवी कचेरीतून मी केव्हाच घरी आणून ठेवली होती. ट्रंकेत, कडुलिंबाचा पाला घालून. दुसऱ्या दिवशी ती सायकलला बांधून निघालो, तर मोशीच्या अलीकडंच महाळुंग्याचा माणूस समोरून येताना दिसला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

दिवसकार्याला गेलो, पण पिशवी नेली नाही. नंतर ट्रंक उघडताना रोज हाताला लागायची. मंडळीनं एकदा विचारलं, ह्यात काय आहे? म्हटलं, सरकारी नमुना आहे, हात लावू नका.

परवा शेजारी उठून आपल्या घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी पिशवी घेऊन महाळुंग्याला गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. आता नीट ऐकू येत नाही त्यांना. गोठ्यात बैलांच्या जागी जळण रचलेलं. मी पिशवी त्यांच्यापुढं ठेवली. चिठ्ठीवरची शाई पुसट झाली होती, तरी स्वतःचं नाव त्यांनी ओळखलं. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. मला मदत करू दिली नाही.

आत हात घालून त्यांनी तळापासून मूठ वर आणली, तळहातावर दाणे पसरले, त्यांतला एक न बघता उचलला आणि दाढेखाली धरला. कट्ट असा आवाज झाला.

"वाळलंय," दाजी म्हणाले.

मग तो हात त्यांनी माझ्यापुढं केला.

"घे. तुजंच हाय."

मी एक दाणा तोंडात टाकला. हुरडा मऊ असतो, जिभेनं दाबला तरी दूध निघतं. हा दगडासारखा होता. चावताना माझी दाढ दुखली, आणि डोळ्यांत पाणी का म्हणून दाजींनी विचारलं तेव्हा मी तेच कारण सांगितलं.